गोव्यात घर सांभाळायला जाताय, तेही कुत्र्याला घेऊन? मग निघण्याआधी हे वाचा

हाउससिटिंग म्हणजे काय हे आता बऱ्याच जणांना माहितीये, तरी एकदा सांगून टाकते. घरमालक काही आठवडे किंवा महिने बाहेर जातो, तुम्ही त्याच्या घरात राहता, घर, झाडं, जनावरं बघता, तो भाडं घेत नाही आणि तुम्ही पगार घेत नाही. परदेशात हे कैक वर्षं चाललंय, ट्रस्टेड हाउससिटर्स ही वेबसाइट २०१० साली इंग्लंडमध्ये सुरू झाली, नोमाडोर, माइंड माय हाउस वगैरे पण आहेत, बहुतेक ठिकाणी वर्षाची मेंबरशिप भरायची आणि अर्ज करत बसायचं.

गोव्यात हा प्रकार वेबसाइटशिवायच चालतो. इथल्या कितीतरी घरांचे मालक बाहेर आहेत, कोण लिस्बनला, कोण इंग्लंडात स्विंडनला (तिथे गोंयकारांची मोठी वस्ती आहे), कोण कुवेत-दुबईला, कोण बोटीवर, आणि वर दिल्ली-मुंबईवाल्यांची सेकंड होम्स. कौलारू घर पावसात चार महिने बंद ठेवलं की भिंतींना बुरशी, लाकडाला वाळवी आणि माळ्यावर उंदीर ठरलेले. त्यात घरात म्हातारं कुत्रं असेल तर मालकाची झोपच उडते. म्हणून त्यांना माणूस हवा असतो, आणि तुम्हाला महिना-दोन महिने गावात राहायचं असतं, हॉटेलात नाही. जमलं तर दोघांचं भलं.

पण बरोबर स्वतःचं कुत्रं असेल तर सगळं गणित त्याच्यापासून सुरू करा. घर बघताना समुद्र किती लांब हे सगळ्यात शेवटी विचारा. आधी कंपाउंड कसंय, शेजारी मोकळी कुत्री किती, पावसात गाडी दारापर्यंत येते का आणि जवळचा व्हेट (जनावरांचा डॉक्टर) किती मिनिटांवर, हे चार प्रश्न. मी माझ्या बंड्याला (देशी, चौदा-पंधरा किलोचा, पुण्याच्या गल्लीतला) घेऊन अशीच घरं सांभाळत राहते, काम लॅपटॉपवरचं, त्यामुळे पुढचं सगळं त्या अनुभवातून.

पहिली पायरी: आपलं कुत्रं यासाठी बनलंय का

हे मनापासून विचारा, प्रेमापोटी उत्तर देऊ नका. अनोळखी घरात दोन रात्री राहून खातं-पितं का? दुसऱ्या कुत्र्याच्या हद्दीत शिरल्यावर गुरगुरतं की शेपूट हलवतं? मांजर, कोंबडी दिसली की काय करतं? गोव्यातल्या गावात कोंबड्या रस्त्यावरच असतात आणि शेजाऱ्याची कोंबडी मारली की पैसे देऊनही संबंध सुधरत नाहीत. एकटं चार तास राहतं का हे पण बघा, कारण म्हापशाला बाजारात गेलात, बँकेत गेलात तर प्रत्येक ठिकाणी त्याला नेता येत नाही. आधी एखाद्या मित्राच्या घरी, शक्यतो जिथे कुत्रं आहे अशा घरी, शनिवार-रविवार राहून बघा. तिथेच कळतं सगळं.

लसी निघायच्या आधी महिनाभर पूर्ण करा. रेबीज तर झालंच, पण सेव्हन इन वन किंवा नाइन इन वन मध्ये लेप्टोचा भाग असतो तो गोव्याच्या पावसात खरंच उपयोगी, साचलेल्या पाण्यात उंदरांचं मूत मिसळतं आणि कुत्रं तेच पाणी चाटतं. गोचिडीची गोळी चालू ठेवा, महिन्याची असते, तीन महिन्यांची पण असते. लसीचं पुस्तक ओरिजनल बरोबर आणि फोटो मोबाइलमध्ये.

दुसरी पायरी: घर शोधणं

वेबसाइटवर गोव्यातली घरं येतात पण कमी, आणि त्यातल्या बऱ्याच जाहिरातींत 'सिटरने स्वतःचं जनावर आणू नये' असं लिहिलेलं असतं. म्हणून तोंडी ओळख जास्त चालते. प्राणी दत्तक देणाऱ्या लोकांचे ग्रुप, व्हेटच्या क्लिनिकमधला बोर्ड, गावातलं किराणा दुकान, आणि एकदा एक घर नीट सांभाळलंत की त्याच मालकाचा चुलत भाऊ फोन करतो, 'आमच्याकडेपण एक लॅब्रेडोर आहे हो'.

सीझन उलटा धरा. डिसेंबरमध्ये घर मागणारे शंभर असतात आणि मालक स्वतःच सुट्टीला आलेला असतो. जून ते सप्टेंबर मागणारे गायब होतात आणि गरज तेव्हाच सगळ्यात जास्त असते. नवख्या माणसाने पहिलं घर पावसाळ्यातलंच घ्यावं असं माझं स्पष्ट मत आहे. शिकायला पण मिळतं आणि मालक पण जास्त अटी घालत नाही, तुमचं कुत्रं चालवून घेतो. मात्र वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो इथे, आणि त्यातला जवळजवळ सगळा या चार महिन्यांत, हे डोक्यात ठेवून या. रील्समधला पाऊस आणि आठव्या दिवशीही न वाळलेली चड्डी यात फरक आहे.

भाग कुठला? किनारपट्टी सोडा. हळदोणे, साळगाव, शिवोली, दिवाडी बेट, चोडण, किंवा आत डिचोली-साखळी-फोंड्याकडे. आपल्या मराठी माणसाला डिचोली, पेडणे, साखळी इकडे फार सोपं जातं, मराठी वाचन, भजन, नाटक सगळं इकडे मुरलेलं आहे, दुकानात मराठी पेपर मिळतात. (आणि तो पेपर घ्याच, 'उद्या अमुक भागात वीजपुरवठा खंडित' ही बातमी त्यातच असते आणि ती बातमी घरून काम करणाऱ्याला हेडलाइनपेक्षा महत्त्वाची.)

तिसरी पायरी: व्हिडिओ कॉल

फोटो बघून हो म्हणू नका. मालकाला फोन हातात घेऊन कंपाउंडच्या कडेकडेने चालायला सांगा, पूर्ण फेरी. गोव्यात चिऱ्याचं कुंपण पुढून देखणं असतं आणि मागच्या बाजूला भाटात (नारळाच्या बागेत) जायला मोठं भगदाड असतं, तिथून कुत्रं सटकतं. गेटच्या खाली किती फट आहे ते दाखवायला सांगा. विहिरीला कठडा किती उंच आहे, वर जाळी आहे का. मग बाकीचे प्रश्न, त्यांचं कुत्रं कुठे झोपतं, कधी कोणाला चावलंय का (हे सरळ विचारायचं, लाजायचं नाही), काय खातं, कुठल्या गोळ्या चालू आहेत, फटाक्यांना घाबरतं का, शेवटचं व्हेटकडे कशासाठी नेलं. नेट कुठलं आणि लाइट गेल्यावर ते चालतं का, कारण इन्व्हर्टरवर पंखे असतात आणि राउटर नसतो असं हमखास सापडतं. नळाचं पाणी रोज येतं का दिवसाआड, पंप कोण चालू करतं. आणि शेवटचा पण मोठा प्रश्न, दुसरी किल्ली कोणाकडे आहे. त्या किल्लीवाल्या शेजाऱ्याशी त्याच कॉलवर ओळख करून घ्या, कारण पुढचे दोन महिने तुमचा खरा मालक तोच.

चौथी पायरी: एक पानाचा कागद

इथे जरा थांबते, कारण नवीन लोक हे टाळतात आणि मग मालक शेवटच्या क्षणी मागे का हटला ते त्यांना कळत नाही. गोव्यात १९७५ चा मुंडकार कायदा आहे. भाटकाराच्या (म्हणजे जमीनमालकाच्या) जमिनीवर त्याच्या संमतीने घर करून राहिलेल्या मुंडकाराला सहज हुसकावता येऊ नये म्हणून तो झाला, आणि त्या काळात तो गरजेचाच होता. दोन महिने कुत्रं सांभाळायला आलेल्या पाहुण्याचा त्या कायद्याशी काही संबंध नाही, पण जुन्या घरांत त्याच्या केसेस आजोबांपासून ऐकलेल्या असतात, त्यामुळे 'कोणाला घरात राहू दिलं की गेलं घर' ही धास्ती असते. तुम्ही स्वतःहून कागद पुढे केलात की मालकाचा चेहरा बदलतो, मी बघितलंय.

कागदात काय? कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, भाडं नाही, घरावर कसलाही हक्क नाही, जनावरं कुठली, तुमचं कुत्रं कुठलं, त्याने काही फाडलं-तोडलं तर भरपाई तुमची, लाइटबिल कोणाचं (दोन-तीन आठवड्यांचं असेल तर मालकाचं, महिने असतील तर तुमचं, हा साधारण रिवाज), पाहुणे चालतील का, आणि इमर्जन्सीत व्हेटचा खर्च किती रकमेपर्यंत न विचारता करायचा. ही रक्कम आकड्यात लिहून घ्या. लंडनला रात्रीचे दोन वाजलेले असताना फोन लागत नाही आणि इथे डॉक्टर विचारत असतो की सलाइन लावू का. दोघांच्या सह्या, आधारकार्डाची कॉपी, आणि मालकाने ती माहिती जवळच्या पोलीस स्टेशनला द्यायची. भाडेकरूची माहिती देतात त्याच फॉर्मवर होतं हे, तुम्हीच आठवण करा.

पाचवी पायरी: कुत्र्याला घेऊन पोचणं

स्वतःची गाडी असेल तर प्रश्नच नाही. पुण्याहून येणारे आंबोली घाटाने सावंतवाडीला उतरतात किंवा बेळगावहून चोर्ला घाटाने साखळीला. घाटात कुत्रं ओकतं, म्हणून निघायच्या आधी चार-पाच तास खायला देऊ नका, पाणी थोडं थोडं, आणि घाट सुरू व्हायच्या आधी एक मोठा ब्रेक.

ट्रेनने नेता येतं पण फक्त एसी फर्स्ट क्लासमध्ये, आणि तिथेही अख्खा कूपे (दोन बर्थ) किंवा अख्खी केबिन (चार बर्थ) तुमची असायला हवी. टू टियर, थ्री टियर, स्लीपर, चेअर कार कशातच चालत नाही, टीसीला गोड बोलून जमेल या भरवशावर येऊ नका. मुंबईहून कोकणकन्याला फर्स्ट एसी आहे. तिकीट काढल्यावर कूपे मिळावा म्हणून रेल्वेला अर्ज द्यावा लागतो कारण बर्थ नंबर चार्ट लागल्यावरच कळतो, आणि मग गाडीच्या दोन-तीन तास आधी पार्सल ऑफिसात जाऊन तिकिटाची कॉपी, लसीचं पुस्तक, डॉक्टरचं फिटनेस सर्टिफिकेट दाखवून कुत्र्याचं लगेज बुकिंग करायचं. ब्रेक व्हॅनमध्ये डॉग बॉक्स पण असतो, पण अंधार, आवाज, उकाडा, एकटेपणा. मी माझ्या कुत्र्याला त्यात कधी घातलेलं नाही, घालणार पण नाही. उतरायला उत्तर गोव्यासाठी थिवी, पणजीकडे करमळी, दक्षिणेला मडगाव किंवा काणकोण.

विमानाचं म्हणाल तर अकासा आणि एअर इंडिया लहान कुत्रं केबिनमध्ये घेतात, पिशवीसकट वजनाची मर्यादा असते, ती बुकिंगच्या दिवशीच फोन करून विचारा कारण बदलत राहते. इंडिगो घेत नाही. पग, शिह-त्झू, बुलडॉग अशी चपट्या नाकाची जात असेल तर कार्गोचा विचारही नको, त्यांना श्वासाचा त्रास होतो. आणि गोव्यात आता दोन विमानतळ आहेत, दाबोळी आणि २०२३ च्या जानेवारीपासून चालू झालेलं मोपा. तिकीट काढताना कुठलं आहे बघा, नाहीतर काणकोणचं घर आणि मोपाचं तिकीट असं व्हायचं. टॅक्सीवाल्याला कुत्रं आहे हे आधी सांगायचं, दारात नाही.

सहावी पायरी: पहिले तीन दिवस

मालक निघायच्या निदान एक रात्र आधी पोचा. दोन कुत्र्यांची ओळख घरात कधीच करायची नाही, गेटच्या बाहेर रस्त्यावर करायची. दोघांना साखळीत धरून, दोन माणसांनी, एकाच दिशेने चालायला लागायचं, मध्ये अंतर ठेवून, पंधरा-वीस मिनिटं. वास घ्यायचा असेल तर मागून घेऊ द्या, तोंडासमोर तोंड नको. मग घरात शिरताना आधी घरचं कुत्रं, मागून आपलं. वाट्या वेगळ्या खोल्यांत, हाडं-खेळणी उचलून ठेवायची, पहिल्या रात्री मध्ये बंद दार.

मालक गेल्यावर त्यांचं कुत्रं बहुतेक वेळा एक-दोन जेवणं सोडतं आणि बलकावात (दारापुढच्या बसायच्या ओट्यावर) जाऊन गेटकडे तोंड करून बसतं. घाबरू नका, पाणी पितंय ना ते बघा. मालकिणीची न धुतलेली ओढणी किंवा उशीचा अभ्रा मागून ठेवा आणि त्याच्या गोधडीत घाला, याने खरंच फरक पडतो. वेळा त्यांच्याच पाळा. ते कुत्रं सहाला फिरायला जात असेल तर तुम्ही सहाला उठा, तुमची सुट्टी आहे हे त्याला माहीत नाही.

याच दिवसांत शेजारीपाजारी फिरून या. गावात नवीन माणूस आणि नवीन कुत्रं दिसलं की पहिला प्रश्न 'कोणागेर रावता?' (कोणाकडे राहता?) आणि दुसरा 'चावता व्हय?' हे दोन्ही प्रश्न तुम्हाला रोज येणारेत, हसून उत्तर द्या. मराठीत बोललात तरी सगळे समजून घेतात, कोंकणीचे चार शब्द फेकलेत तर मासळीवाली मावशी एखादा बांगडा जास्त घालते.

सातवी पायरी: पावसातलं घर

रोज सकाळी एक फेरी. कौलातून गळतंय का, कपाटांच्या मागे ओल आली का, गच्चीवरचा किंवा पन्हाळीचा पाला अडकलाय का. ऊन पडलं की काम सोडून आधी सगळी दारं-खिडक्या उघडायच्या, गाद्या, कुत्र्यांची अंथरुणं बाहेर. कपाटाची दारं किलकिली ठेवायची, चामड्याच्या वस्तू पुसायच्या नाहीतर आठवड्यात हिरव्या होतात. विजा कडाडायला लागल्या की फ्रिज सोडून सगळ्याचे प्लग काढायचे, राउटरचा पण. इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी घालायचं असतं, मालकाला विचारून ठेवा किती आणि कधी. टॉर्च दोन ठेवा आणि ठरलेल्या जागी ठेवा.

साप दिसणार. दिसला म्हणजे संकट नाही, बहुतेक वेळा धामण किंवा दिवड असतो. पण नाग, घोणस, मण्यार, फुरसं हे चारही कोकण-गोव्याच्या पट्ट्यात आहेत, म्हणून अंधारात कुत्र्याला अंगणात एकटं सोडायचं नाही, बूट झटकून घालायचे, चिऱ्यांचे आणि नारळाच्या झावळ्यांचे ढीग घराला चिकटून ठेवायचे नाहीत. कुत्र्याला चावलाच तर काही बांधू नका, कापू नका, चोखायचा तर प्रश्नच नाही, त्याला चालू न देता उचलून गाडीत घाला आणि जाता जाता फोन करून विचारा की दवाखान्यात अँटीव्हेनम (सापाच्या विषावरचं औषध) आहे का, नसेल तर वाट बदलायची. ही चौकशी खरं तर पहिल्या आठवड्यातच करून फ्रिजवर नंबर चिकटवून ठेवायची असते, माझ्या प्रत्येक घरात तो कागद असतो, व्हेट, रात्रीचा व्हेट, सर्पमित्र, इलेक्ट्रिशियन, किल्लीवाला.

गोचिडी हा गोव्यातला त्याहून रोजचा शत्रू. फिरून आलं की कानाच्या आत, बोटांच्या मध्ये, शेपटीखाली बोट फिरवून बघायचं. कुत्रं दोन वेळा जेवलं नाही, अंग तापलंय, हिरड्या पांढुरक्या दिसतायत, नाकातून रक्त आलं, यातलं काहीही असेल तर टिक फीव्हर (गोचिडीचा ताप) समजून त्याच दिवशी रक्त तपासायचं, उद्यावर टाकायचं नाही. माणसाची क्रोसिन, ब्रुफेन कुत्र्याला देऊ नका, जीव जातो. पावसात पाय रोज कोरडे करा, बोटांमधली ओल राहिली की फंगस.

आठवी पायरी: रोजचं जगणं

स्लो ट्रॅव्हल वगैरे शब्द जे आहेत ना, त्याचा खरा अर्थ गोव्यात पोदेर म्हणजे पाववाला शिकवतो. सकाळी सायकलवर मागे मोठी टोपली, वर निळं प्लास्टिक, आणि तो रबरी भोंगा, पों पों. त्या आवाजाला गावातली सगळी कुत्री एका सुरात लागतात. आम्ही हळदोण्याकडे एका घरात होतो तिथला टायगर नावाचा म्हातारा काळा कुत्रा, कानाने अर्धा बहिरा, पण भोंगा वाजायच्या आधीच गेटपाशी उभा असायचा, पोदेर सायकल न उतरता एक कांकण (बांगडीसारखा पाव) तोडून त्याच्या तोंडासमोर धरायचा आणि मग मला उंडे (गोल पाव) मोजून द्यायचा. बंड्याने हे दोन दिवस बघितलं, तिसऱ्या दिवशी तोही ओळीत. झोपायचं असेल तर रात्रीच कापडी पिशवी पैसे घालून गेटला अडकवा, पाव आत येऊन पडतात. गव्हाच्या कोंड्याची पोय संपायच्या आत घ्या.

बाकीचं वेळापत्रक पण गावाचंच धरा. दुपारी एक ते चार दुकानं बंद, वाद घालू नका, झोपा. शुक्रवारी म्हापशाचा बाजार, सकाळी लवकर. मासे पावसात कमी, कारण १ जून ते ३१ जुलै ट्रॉलरना बंदी असते, ६१ दिवस. मग खाडीतले, नदीतले मासे, सुके बांगडे, सुंगटं (कोळंबी), आणि चवथ म्हणजे गणेश चतुर्थी जवळ आली की घरोघरी शिवराक (शाकाहारी). कुत्र्याला काटे देऊ नका, आणि मे महिन्यात आंब्याचे बाठे उचलत चला, बाठा गिळला की आतड्यात अडकतो आणि ऑपरेशनशिवाय निघत नाही. काजूची बोंडं सडून खाली पडतात तीही नको.

फिरायला जाताना साखळी कायम. मोकळ्या कुत्र्यांची टोळी आली तर थांबा, पळू नका, आपलं कुत्रं उचलून कडेवर घेऊ नका, तुम्ही मध्ये उभे राहून सावकाश मागे सरका, हातात छत्री असेल तर ती उघडा, झटकन. ही छत्रीची युक्ती फार चालते. गोव्यात रेबीजवर खूप काम झालंय, मिशन रेबीज या संस्थेचे लोक २०१४ पासून गावोगाव जाळी घेऊन कुत्र्यांना लस टोचत फिरतात आणि २०२१ मध्ये सरकारने राज्य रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर केलं. तरी तुम्हाला ओरखडा जरी आला तरी साबणाने पंधरा मिनिटं धुवून सरकारी दवाखान्यात जायचं, यात सूट नाही.

समुद्रावर कुत्रं न्यायचं तर सकाळी सातच्या आधी. वाळू तापली की पंजे भाजतात. पावसात पाण्यात उतरू नका, ना तुम्ही ना ते, लाल झेंडे लावलेले असतात ते शोभेला नाहीत. रापणीच्या (किनाऱ्यावरून ओढायच्या) जाळ्यातून फेकलेले फुगे मासे वाळूत पडलेले असतात, त्यांच्यात विष असतं आणि कुत्र्यांना त्यांचा वास फार आवडतो, नजर ठेवा. आणि मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, साधारण नोव्हेंबर ते मार्च, त्या काळात तिथे कुत्रं नेऊच नका. एका मिनिटात अख्खं घरटं उकरतात.

फटाके आणि आवाज. चवथीला फटाके असतात, पण खरी परीक्षा दिवाळीच्या आदल्या रात्रीची, नरकासुराची. चौकाचौकात पुतळे, पहाटेपर्यंत स्पीकर, मग जाळणं. त्या रात्री घर सोडून कुठेही जाऊ नका. मधली खोली, खिडक्यांना गोधड्या, पंखा फुल, टीव्ही चालू, गेटला कुलूप, गळ्यात नाव-नंबरचा बिल्ला. औषध द्यायचं असेल तर व्हेटला आठवडाभर आधी विचारून ठेवायचं, त्या संध्याकाळी नाही. डिसेंबर ३१ ला हेच परत.

नववी पायरी: इथून पुढे परदेशात जायचं असेल तर

गोव्यात दोन-तीन घरं सांभाळून झाली, मालकांचे रेफरन्स जमले, की लोकांना लिस्बन दिसायला लागतं. चांगलंय. पण स्वतःच्या कुत्र्यासकट जायचं असेल तर निदान पाच-सहा महिने आधी सुरू करा. युरोपियन युनियनसाठी आधी १५ आकडी आयएसओ मायक्रोचिप (कातडीखाली बसवायची ओळखीची चिप), त्यानंतरच रेबीजची लस (आधीची लस धरत नाहीत), लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त घेऊन मान्यताप्राप्त लॅबमध्ये टायटर टेस्ट (लस लागली का ते बघायची), ती निदान ०.५ आली पाहिजे, आणि रक्त घेतल्या तारखेपासून तीन महिने थांबायचं. निघताना एक्यूसीएसचं म्हणजे सरकारी अॅनिमल क्वारंटाइनचं हेल्थ सर्टिफिकेट, मुंबईत ऑफिस आहे. इंग्लंडला हेच सगळं आणि वर टेपवर्मचं औषध, पोचायच्या २४ ते १२० तास आधी, शिवाय विमानाने नेलं तर कार्गोतूनच. ऑस्ट्रेलियाला भारतातून कुत्रं थेट नेताच येत नाही. परत येतानाचे कागद काय लागतील ते पण जायच्या आधीच एक्यूसीएसला विचारून ठेवा.

आणि व्हिसा. घरमालकाचं पत्र लागतं, तारखांसकट, पण 'फुकट राहायच्या बदल्यात कुत्रं सांभाळणार' याला काही देशांत काम समजतात, टुरिस्ट व्हिसावर आलेल्या सिटर्सना एअरपोर्टवरून परत पाठवल्याचे प्रकार झालेत. त्या देशाचे नियम वाचा, वकिलातीला विचारा, आणि खोटं बोलू नका.

माझं विचाराल तर पहिल्या परदेशी घराला आपलं कुत्रं नेऊ नका. चार महिन्यांसाठी त्या जिवाला दहा-बारा तास कार्गोत घालण्यात मला तरी अर्थ वाटत नाही, त्यापेक्षा त्याला इथेच ओळखीच्या माणसाकडे ठेवा आणि तिकडच्या कुत्र्याला फिरवा. गोव्यात ज्यांचं घर सांभाळलंत तेच लोक तुमचं कुत्रं आनंदाने ठेवतात.

निघतानाचं

मालक परत यायच्या आदल्या दिवशी अंथरुणं धुऊन, फ्रिज रिकामा न करता, उलट दूध, अंडी, पाव ठेवून. कचरा पंचायतीच्या दिवशी द्यायचा, सुका वेगळा. कुत्र्याची वही द्या, कधी काय खाल्लं, गोळी कुठल्या तारखेला दिली, गोचीड कुठे सापडली. काही फुटलं असेल तर फोटो आधीच पाठवलेला असावा. मालक आल्यावर लगेच सटकू नका, एक चहा होईपर्यंत थांबा, आणि आपल्या कुत्र्याला गाडीत बसवून ठेवा, कारण घरचं कुत्रं त्या वेळी वेडं झालेलं असतं आणि दोघांची नेमकी तेव्हाच जुंपते. किल्ली मालकाच्या हातात, शेजाऱ्याला सांगून, आणि रेफरन्सचं पत्र त्याच आठवड्यात मागून घ्या, नंतर लोक विसरतात.